रक्त एकच, हलगी त्याच्या गळ्यात

डॉक्टरांनी न विचारता माझ्या शर्टाची बाही वर सारली. मनगट उलटसुलट करून पाहिलं. भोवती शिकाऊ डॉक्टर उभे. खाटेवर माझा जुळा भाऊ होता. त्याने आदल्या दिवशी दारूच्या भरात स्वतःला जखमा करून घेतल्या होत्या. चेहरा आमचा हुबेहूब. म्हणून माझीही झडती.

आधी डॉक्टर खूश झाले होते. बंगळुरात मराठी माणूस भेटला ना! "आम्ही राजाजीनगरचे, तीन पिढ्या झाल्या. तुम्ही कुठले?" मी निपाणीकडचं गाव सांगितलं. मग त्यांनी आडनाव विचारलं. तिथून पुढे मी 'तू' झालो.

"यांच्या रक्तातच असतं हे," ते पोरांना म्हणाले.

भावाने ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"मी थेंबही घेत नाही," मी म्हणालो.

"अजून वय आहे तुझं. घेशील."

पोरं हसली. भरल्या वॉर्डात मला फार एकटं वाटलं. माझं म्हणावं असं एकच माणूस तिथे होतं आणि त्याची पाठ माझ्याकडे होती.

मग माझा आवाज चढला. चढू दिला.

"रक्त एकच आहे, डॉक्टर. पण घरात हलगी एक होती. हा थोरला, म्हणून ती याच्या गळ्यात आली. मी शाळेत गेलो. जत्रेत हलगी दणकून वाजावी म्हणून वाजवणाऱ्याला पाजायची रीत आहे आमच्याकडे. हा अकरा वर्षांचा होता. पाटलांनी वरून ओतली, हा ओंजळीने प्यायला. आम्हांला तो मान वाटला. आई कौतुकाने बघत होती. याला पहिल्यांदा कुणी पाजली, ते विचारा ना एकदा तरी!"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

आता तो बंगळुरातच, महादेवपुऱ्यात माझ्या खोलीवर असतो. हाताला अजून पट्टी आहे. रात्री दचकून उठतो. तो सुधारेल का, मला माहीत नाही.

काल पाटलांच्या मुलाचा फोन आला. "थोरला आजारी आहे म्हणे. मग जत्रेला तू ये. तोंड तर तेच आहे."

भाऊ समोर बसून ऐकत होता.

जन्मात पहिल्यांदा मी त्या घरातल्या माणसाला अरे-तुरे केलं. "मी येणार नाही. हा येणार नाही. आमची पोरंही येणार नाहीत. ओतायचीच असेल तर तुझ्या पोराच्या ओंजळीत ओत."