बाबांचा उजवा पाय

"कोनते टाकू, भाऊ?" चाचांनी विचारलं आणि टेबलावर तीन डबे मांडले.

चाचा म्हणजे आमचे शेलूबाजारचे मिस्त्री. हायवेला लागून त्यांचं गॅरेज आहे. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, आणि चाचा आता माझ्या इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक पाहतात. पहिल्या डब्यात साधे ब्रेक पॅड होते, नवीन गाडीला कंपनीकडून येतात तसले. दुसऱ्यात मधले, रस्त्यावर चालतात आणि रेसच्या ट्रॅकवर चार फेऱ्याही सोसतात. तिसऱ्यात खास ट्रॅकचे. बाहेर बाकड्यावर माझे बाबा बसले होते आणि त्यांना वाटत होतं की आपण नुसतं गाडीच्या कामाला सोबत आलोय.

तीन वर्षांपूर्वी चाचांनी मला हाच प्रश्न विचारला होता आणि मी फार हुशारीनं उत्तर दिलं होतं. ती हुशारी आता सांगायची म्हटलं तरी लाज वाटते.

मी ठिबकचं सामान विकतो. घरची भाजीपाल्याची बागायत आहे: वांगी, टमाटे, कोबी, हिवाळ्यात मेथी. बाबांनी तीस वर्षं स्वतःच्या पिकअपमधून माल बाजारात नेला. आमच्याकडे माणसं आपापल्या गोष्टींचा तोरा मिरवतात. कुणी बैलजोडीचा, कुणी पोराच्या नोकरीचा. बाबांचा तोरा एकच होता. "तीस वर्सात माह्या गाडीखाली कोंबडीबी नाही आली," असं ते पाहुण्यांना हमखास ऐकवायचे. आई म्हणायची, एकदा आली होती. बाबा म्हणायचे, ती आधीच मेलेली होती.

इलेक्ट्रिक गाडी मी घेतली तेव्हा ते आधी हसले. मग एक दिवस चालवून पाहिली आणि तिच्या प्रेमात पडले. या गाडीचं एक वैशिष्ट्य असं की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच गाडीला आवरते आणि बॅटरीत थोडी वीजही भरते. ब्रेकला क्वचितच हात, म्हणजे पाय, लावावा लागतो. "आपल्या धवळ्यापेक्षा शहानी हाय," बाबा म्हणाले. धवळ्या म्हणजे आमचा जुना बैल. त्याला सुद्धा कासरा ओढावा लागायचा.

घरी कुणालाच माहीत नव्हतं ते हे की वर्षातून दोनदा मी ती गाडी ट्रॅकवर पळवायला न्यायचो. परराज्यात, एका दिवसाच्या वाटेवर. घरी सांगायचो, ठिबकवाल्या कंपनीचं ट्रेनिंग आहे. चाळिशी उलटलेल्या माणसानं गोल गोल गाडी फिरवायला इतकं लांब जावं, हे मलाच कुणाला सांगायला जड जात होतं. पण तिथलं ते सरळ पट्ट्यावरून सुटणं आणि वळणाआधी शेवटच्या क्षणी ब्रेक मारणं, त्याची चटक लागली होती.

बॅटरीमुळे ही गाडी फार जड. पहिल्याच खेपेला साधे पॅड इतके तापले की जळका वास सुटला आणि ब्रेक दाबला तर पाय खोल जायला लागला. परत आलो आणि ट्रॅकचे पॅड मागवले. चाचांनी एक पॅड हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"हे तापल्याबिगर धरत नाहीत, भाऊ. थंड्या तव्यावर भाकर टाकून पाहा. तसंच हाय. अन् तुमची गाडी तं रस्त्यावर मोटरीनंच थांबते. पॅड तापनार कवा? मधले घ्या. नाही तं ट्रॅकवरून आल्या आल्या बदलून घेत जा. एका घंट्याचं काम हाय."

मी म्हणालो, बदलत जाईन. पहिल्या वेळी बदललेही. दुसऱ्या वेळी परत आलो तो ठिबकचा सीझन ऐन भरात होता, म्हटलं उद्या. उद्याचं परवा झालं. रस्त्यावर ब्रेक लागतोच कुठे, असं मी मनाला समजावलं. मला कळत नव्हतं असं नाही. मला सगळं नीट माहीत होतं आणि कंटाळा आला होता, एवढंच.

तेवढ्यात कामरगावला नात्यात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. आईबाबा पुढे जाणार आणि मी दुकान बंद करून मोटरसायकलवर मागून येणार, असं ठरलं. आदल्या दिवशी बाबांनी गाडीच्या पडद्यावर ऐंशीचा आकडा पाहिला. मी रोज ऐंशीवरच चार्जिंग थांबवायचो.

"पूर्न भर," बाबा म्हणाले. "सोयऱ्याच्या घरी अर्ध्या टाकीनं जात नसतात."

ही त्यांची जुनी रीत. पिकअपनं लग्नकार्याला निघायचं तरी टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाव दहा कोसांवर असो की दोन. म्हणायचे, तिथं जाऊन डिझेलचा पंप विचारत फिरलं की इज्जत जाते. मी हसून शंभरपर्यंत चार्जिंग लावलं. बॅटरी काठोकाठ भरली की मोटर गाडीला आवरत नाही, कारण ती वीज ठेवायला जागाच उरत नाही. हेही मला माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं. सांगायला दोन वाक्यं लागली असती. मी तेव्हा फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होतो.

सकाळी ते निघाले. बाजाराचा दिवस होता. पुलावरून रस्ता खाली बाजाराकडे उतरतो, तिथं बाबांनी सवयीनं पाय उचलला. गाडी आवरली नाही. मग त्यांनी ब्रेक दाबला. आतले ट्रॅकचे पॅड गार होते. गाडी थांबली, नाही असं नाही, पण भाजीच्या हातगाडीत शिरून थांबली. हातगाडी उलटली आणि तिच्यामागची बाई खाली पडली. तिच्या नडगीची कातडी गेली आणि मनगट सुजलं. ती बाई बाबांना वीस वर्षांपासून ओळखत होती. आमचीच वांगी घेऊन ती विकायची.

फोन आल्यावर मी पोचलो तेव्हा बाबा रस्त्यावर उकिडवे बसून वांगी गोळा करत होते. साक्षगंधासाठी घातलेल्या पांढऱ्या सदऱ्याच्या ओच्यात एकेक वांगं पुसून ठेवत होते. भोवती माणसं जमलेली. कुणीतरी म्हणालं, "आता नोका चालवू, काका. वय झालं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्या दाबला होता रे. जोरात दाबला. नाही धरला त्यानं."

मी पुढच्या चाकाजवळ वाकलो. आतल्या चकतीला बोट लावलं, जेमतेम कोमट होती. क्षणात सगळं उलगडलं, शंभरचा आकडा, न तापलेले पॅड, सगळं. बोलायचं होतं ते तिथंच, त्या माणसांसमोर बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "पाहतो."

संध्याकाळी गाडी हळूहळू चाचांकडे नेली आणि साधे पॅड टाकायला लावले. चाचांनी बाजारातली बातमी ऐकली होती. काढलेले पॅड वर्तमानपत्रात बांधून त्यांनी माझ्यापुढे धरले, मी हात पुढे केला नाही. तेव्हा त्यांनी ते वरच्या फळीवर ठेवले. "पॅड तुमचे, भाऊ. गोष्टबी तुमचीच. मी कोनाले सांगनार नाही. पन विचारलं तं खोटंबी नाही बोलनार."

दुसऱ्या दिवशी काका घरी आले, बाबांचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, ब्रेक तपासून पाहू. मी किल्ली दिली. काकांनी घरासमोरच्या रस्त्यावर गाडी नेली, गचकन ब्रेक मारला, टायर किंचाळले. खाली उतरून म्हणाले, "ब्रेक तं एकदम कडक हाय, दादा."

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. इतकंच केलं मी, तोंडानं एक शब्दही खोटं बोललो नाही, आणि आयुष्यात त्याहून मोठं खोटं मी बोललेलो नाही. बाबांनी मान खाली घालून आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. आई म्हणाली, "तुमीच उशिरा दाबला असंन." ते म्हणाले, "असंन बावा."

त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. पिकअपची किल्ली देवळीतल्या खिळ्याला टांगली. बाजाराला जायचं तर जीपमध्ये मागे, पोत्यांजवळ बसून जायचे. जीपवाले त्यांच्या हाताखाली गाडी शिकलेले, ते पुढे बसा म्हणायचे, हे बसायचे नाहीत. कोंबडीची गोष्ट बंद झाली. एकदा पाहुण्यांनी मुद्दाम काढली तर उठून गोठ्याकडे गेले.

मी दर आठवड्याला ठरवायचो, आज सांगू. ट्रॅकवर जाणं मी सोडलं आणि त्यालाच प्रायश्चित्त समजून बसलो. कुणाला न कळणारं प्रायश्चित्त फार सोयीचं असतं.

मागच्या महिन्यात मी विहिरीवर गेलो होतो. मोटारीच्या खोलीमागे बाबा स्टुलावर बसलेले दिसले. समोरच्या भिंतीला उजवा पाय टेकवून ते दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. ओठ हलत होते, मोजत असावेत. मला पाहून ओशाळले.

"पायाले कसरत देऊन राह्यलो," म्हणाले. "डाक्टर म्हनते पाय चांगला हाय. मंग तवा काहून उशीर झाला, तेच समजत नाही मले."

दोन वर्षं हा माणूस भिंतीला विचारत होता, आणि उत्तर माझ्याकडे होतं. मला स्वतःची किळस आली.

घरी सांगायचा धीर होत नव्हता. शिवाय साधे पॅडही बदलायला आले होते. म्हणून बाबांना घेऊन चाचांकडे आलो.

"साधे टाका," मी चाचांना म्हणालो. "अन् ते फळीवरचे द्या."

ते तिथंच होते, त्याच कागदात, वर धूळ. मी ते बाहेर नेले आणि बाबांच्या हातात दिले. सगळं सांगितलं. ट्रॅक, ट्रेनिंगची थाप, कंटाळा, शंभरचा आकडा, काकांनी गाडी पाहिली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी काय केलं ते. बाबा पॅडवरून अंगठा फिरवत ऐकत होते.

"हा गार असला की धरत नाही?"

"नाही धरत."

"अन् म्या दाबला होता?"

"दाबला होता, बाबा. येळेवर दाबला होता."

त्यांनी चाचांकडे पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"होतं, दादा," चाचा म्हणाले आणि हात पुसत राहिले.

बाबा रागावतील, अशी माझी तयारी होती. खरं तर तशी आशाच होती. त्यांनी हायवेवरच्या गाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "दर बाजारी त्या बाईपुढून मान खाली घालून जातो मी. तिले सांग. मले सांगून काय उपेग?"

"सांगतो."

"काकालेबी. तुह्या मायलेबी."

"हो."

चाचांनी पॅड बसवून चाक आवळलं. मी गाडीची किल्ली बाबांपुढे धरली. त्यांनी घ्यावी म्हणून मी किती आतुर होतो ते मला त्या वेळी कळलं. त्यांनी घेतली आणि ते स्टिअरिंगमागे बसले. मी शेजारी.

गॅरेजमागचा गावाकडचा रस्ता रिकामा होता. बाबांनी गाडी पुढे घेतली, बैलगाडीच्या चालीनं. थोडं गेल्यावर ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. पुन्हा पुढे घेतली, पुन्हा थांबवली. समोरून एक सायकलवाला येत होता, बराच लांब. बाबांनी गाडी कडेला घेऊन उभीच केली, आणि तो आम्हाला ओलांडून दिसेनासा झाला तरी ब्रेकवरचा पाय काढला नाही. त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवून पाहिला.

"ब्रेक चांगले हायेत," ते म्हणाले. "आता माहा पायच घाबरते."

"सवय होईल, बाबा. रोज थोडी चालवा."

"तवा सांगतलं असतं तं चालवली असती."

ते आवाज न चढवता म्हणाले, पाणी मागावं तसं. मग उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले. मी सरकून स्टिअरिंगमागे बसलो. पुलाच्या उतारावर आलो तेव्हा मी हळूच ब्रेक दाबला. शेजारी बाबा समोर पाहत बसले होते, आणि त्यांचा उजवा पाय खालची चटई गच्च दाबून धरत होता.