शहागडचा दिवा

कामं मी लिहून ठेवते आणि झाली की खोडते. एकच ओळ अशी आहे की ती जुन्या वहीतून नव्या वहीत, तिथून संगणकात आणि आता फोनमध्ये उतरवत आले, पण खोडली नाही. ती ओळ आहे : शहागड काढणे.

दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं. जालन्यात बियाणं विकणाऱ्या एका पेढीत मी संगणकाचं सगळं बघत होते. पेढीचे डेपो घनसावंगीला, धावड्याला, गोदावरीकाठी शहागडला. प्रत्येक डेपोत एक संगणक आणि एक मोडेम. रोज सकाळी दहा ते अकरा सगळ्यांनी फोनच्या तारेवरून जालन्याच्या सर्व्हरला जोडून घ्यायचं आणि कोणत्या वाणाच्या किती पिशव्या उरल्या ते कळवायचं, एवढंच काम.

माझा पहिला प्रोग्राम एकाला विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत तिथंच ताटकळायचा. धावड्याची लाइन बिघडली की बाकीचे सगळे खोळंबायचे, माझा पडदा गोठायचा. मग मला एक लायब्ररी मिळाली, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड. तिची रीत वेगळी. निरोप टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. उत्तर आलं की ती स्वतः हाक मारते. मला हे लगेच पटलं. मी घरही असंच चालवते.

अडचण एकच होती. कोणी सांगून उठलं तर कळतं, न सांगता गेलं तर कळत नाही. तिकडे वीज जायची, संगणक बंद पडायचा, आणि इकडे जोडणी शाबूत दिसायची. म्हणून सर्व्हरने मधूनमधून 'आहे का कुणी' असं विचारायचं ठरवलं. त्या निरोपात मी 'राम राम' घातलं. उत्तर आलं तर नावापुढे हिरवा दिवा. लागोपाठ उत्तर चुकलं तर लाल, आणि थोड्या वेळाने त्या दिवसापुरतं नाव बाद. प्रोग्राम नीट बंद केला तर जाताना 'येतो' असा निरोप यायचा. आपल्यात 'जातो' कोण म्हणतं? 'येतो' म्हणणाऱ्याचा दिवा करडा व्हायचा आणि त्याची जागा राखून ठेवली जायची.

उत्तर प्रोग्रामनेच परस्पर द्यायचं होतं. पण तपासण्यासाठी मी राम राम पडद्यावर दाखवला होता, टिंग आवाजासकट. शहागडचा डेपो सांभाळणाऱ्या काकांचा पहिल्याच आठवड्यात फोन आला.

"ताई, तुम्ही सारखा राम राम घालून राह्यल्या. मी गिऱ्हाईक बघू का तुम्हाला उत्तर देऊ?"

"काका, तुम्ही टाइप करून उत्तर देताय?"

"मंग? राम राम आल्यावर गप बसू?"

"तो मशीनचा आहे. उत्तरही मशीनच देतं."

"काय देतं?"

"काही नाही, एक आकडा."

"राम रामला आकडा? लोक म्हणतील, शहागडवाला माजला."

शेवटी मी प्रत्येकाला आपापलं उत्तर लिहायची सोय करून दिली. घनसावंगीवाल्याने 'हां' लिहिलं. काकांनी फोनवर मला सांगून लिहवून घेतलं : राम राम ताई. बसलोय इथंच.

त्यानंतर दोन हंगाम गेले. काकांच्या हातून चुकीचं बटन दाबलं जाऊ नये म्हणून मी असं करून ठेवलं होतं की मशीन सुरू झालं की प्रोग्राम आपोआप उघडतो आणि नंबरही आपोआप लावतो.

उन्हाळ्यात एका दुपारी काका गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच संपलं. पेढीतून दोघंजण जाऊन आले. डेपोला कुलूप लागलं. प्रोग्राममधून ते नाव कायमचं काढायचं म्हणून मी कामांच्या यादीत लिहिलं, शहागड काढणे, आणि बियाण्याच्या गडबडीत ते राहिलं.

तेरावा झाल्यानंतर एका सकाळी दहा वाजता शहागडचा दिवा हिरवा झाला.

राम राम ताई. बसलोय इथंच.

माझ्या मागे हिशेबनीस उभे होते. त्यांनीही ते वाचलं. मी डेपोला फोन लावला. एंगेज. मोडेम चालू असताना तो एंगेजच लागणार, हे मला माहीत होतं, तरी पुन्हा लावला. अकरानंतर रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पेढीच्या शेठना सांगितलं.

"कुलूप आहे ना तिथं?"

"आहे."

"मग बसलंय कोण?"

हिशेबनीस खालच्या आवाजात म्हणाले, "शेठ, मॅडमनी पडदा झाकून ठेवलाय बघा दहाला." खरं होतं. मी त्यावर कापडी कव्हर टाकलं होतं.

शेठनी डेपो बंद करायचं ठरवलं आणि मशीन आणायला मला पाठवलं. सकाळीच अंबडमार्गे जीपने गेले. हायवेला ट्रक उभे, मागच्या गल्लीत डेपो, डेपोच्या मागच्या खोलीत काकांचं घर. कुलूप पुढच्या शटरला होतं. मागचं दार उघडं होतं. आत काकू संगणकासमोर खाली बसल्या होत्या. मशीनवर उदबत्ती लावलेली. टिंग वाजलं.

"या ताई," त्या म्हणाल्या. "तुम्हीच ना त्या राम रामवाल्या?"

"काकू, हे रोज तुम्ही चालू करता?"

"बटन दाबते फक्त. ते दाबायचे तेच. मला वाचता येत न्हाई, पण आवाज आला की कळतं, जालन्याचं माणूस विचारून राह्यलं."

"मी फोन केले होते."

"फोनवर बोलावं लागतं. काय बोलू? हे बरं आहे. ते गेले, पण घरानं राम राम परत द्यायला नको?"

माणूस विचारत नाही, हे मी सांगितलं नाही. इकडे त्यांना वाटत होतं जालन्यात कुणी आहे, तिकडे आम्हाला वाटत होतं शहागडला कुणी आहे, आणि मधल्या तारेवर दोन मशीनं एकमेकांना राम राम करत होती.

मी पिशवीतून वायर काढायची पक्कड घेतली. काकूंनी हात धरला.

"न्यायचं तर न्या. पण असं उपटून नका नेऊ. सांगून उठू द्या त्यायला."

मी माउस त्यांच्या हातात दिला आणि बंद करायची जागा दाखवली. त्यांनी विचारलं, "आता काय जाईल तिकडं?"

"येतो, असं जाईल."

"अन् मंग?"

"तिथं त्यांची जागा राखून ठेवतात."

"कधीपर्यंत?"

मी आठवून पाहिलं. बाकी सगळ्याला मी मुदत घातली होती, या एकाला घालायची राहिली होती.

"तसं काही ठरवलेलं नाही," मी म्हणाले.

"मंग बराबर आहे," असं म्हणून त्यांनी बटन दाबलं.

संध्याकाळी जालन्याला पोचून कव्हर काढलं. शहागडचा दिवा करडा होता.

पुढे पेढी वाढली. तोच प्रोग्राम नव्या लायब्ररीवर पुन्हा लिहिला, मग मोबाइलसाठी लिहिला. दर वेळी मी जुनी नावं तपासते, प्रत्येक गोष्टीला मुदत घालते. शहागडसाठी मुदतीची एक ओळ लिहायला एक मिनिटही लागणार नाही. दहा वाजता पडदा उघडते. सगळे दिवे हिरवे होतात आणि तो एक करडाच राहतो.