आतोबा घराची नाडी बघत

आमच्या आतोबांसारखा वैद्य अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, आणि ज्याला हे पटत नसेल त्याने खुशाल दुसऱ्या वैद्याकडे जाऊन मरावं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी त्यांचं घर. अंगाने काटकुळे, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. रोगी त्यांना कधीच तातडीचा वाटला नाही. रोग्याच्या घरी गेले की आधी थेट स्वयंपाकघरात शिरत. माठात हात घालत, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून वास घेत, अंथरूण उलटं करून बघत, आणि तिकडे रोगी कण्हत पडलेला. कुणी म्हटलं, “वैदबुवा, आधी नाडी तं पाहा!” की म्हणत, “नाडी काय पळून चालली? घर पाहू दे. मानूस घरातच बिघडते.” एकदा एका सावकारीणबाईच्या पोटदुखीवर त्यांनी औषध म्हणून तिचा माठ फोडला होता. बाई बरी झाली, पण माठासाठी जन्मभर बोलली नाही.

त्यांचं एक टट्टू होतं. आतोबांनी कुठे जायचं हे तेच ठरवी. ज्या दारी एकदा मूठभर चारा मिळाला ते दार त्याने कधी चुकवलं नाही, त्यामुळे एका तापकऱ्याला बघायला निघालेले आतोबा वाटेत सात धडधाकट माणसांची चौकशी करून पोचत. पण गंमत अशी, की त्या सातांतल्या एखाद्याचा आजार त्यांना तिथेच सापडे.

मग सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडाला वेडच लागलं हो! लोकांनी गाद्या उसवून त्यातला जुना कापूस विकला आणि गोधडीवर झोपू लागले. काल चटणी-भाकर खाणारा आज जरीचा फेटा बांधून आतोबांकडे येई आणि म्हणे, “मले मोत्याचं भस्म पाहिजे. सुंठ आता आपल्याले शोभत नाही.” आतोबा त्याला सुंठच देत, पण सांगत, “हे भस्म पायी अकोटापर्यंत जाऊन खायचं असते. गाडीत बसलास तं गुण जाईन.” तो बापडा खरंच चालत जाई, आणि पोट उतरलं की गावभर मोत्याची कीर्ती सांगे.

दुसऱ्याला काय हसायचं? सगळ्यांत मोठा येडा मीच होतो. आमचं गाव नदीपलीकडे दोन कोसांवर. भाव रोज चढत होता, म्हणून मी कापूस विकेनाच. ओसरी भरली, माजघर भरलं, शेवटी बाळंतिणीची खोलीही आढ्यापर्यंत भरली. वाऱ्याने उडू नये म्हणून खिडकी लिंपून टाकली. आणि सांगायची लाज वाटते, पण वजन वाढावं म्हणून सगळं गाव करी तेच मीही केलं, कापसावर पाणी शिंपडलं. माझी बायको दुसऱ्या खेपेची बाळंतीण, म्हणून माहेरी न जाता आमच्याच घरी. त्या कापसाच्या ढिगाशेजारी तिची बाज. शेकायची शेगडी तेवढी मी अंगणाच्या कडेला ठेवली होती, एवढी अक्कल शाबूत होती.

मुलगी अठरा दिवसांची झाली आणि तिला धाप लागली. छाती भात्यासारखी हलू लागली, ओठ जांभळे पडले. मी धावत अकोल्याला गेलो. आतोबा निघाले, पण टट्टू पहिल्याच दारी थांबलं. मी अक्षरशः रडकुंडीला आलो. आतोबांनी माझं तोंड पाहिलं, खाली उतरले, धोतराचा कासोटा खोचला आणि टट्टू तिथेच सोडून पायी सुटले. जन्मात घाई न केलेला माणूस! मी तरणाबांड असून मागे पडलो.

घरी आल्यावर मात्र पोरीकडे न बघता ते सरळ कापसाकडे गेले. ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर बाहेर काढला. काळा, कुबट, बुरशी धरलेला. दोनदा शिंकले.

“हे ओलं कोनं केलं?”

मी खाली मान घातली.

“पोरीले काई नाही झालं. तुया घराले दमा झाला. काढ हे सारं भाईर.”

“आतोबा, उद्या व्यापारी येऊन राहिला. भाईर वारं किती! आजच्या दिवस औषध द्या नं.”

होय, असं मी बोललो. आतोबांनी शिवी दिली नाही. पोर उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “कान लाव.”

मी तिच्या छातीला कान लावला. आत काहीतरी घरघरत, अडत, पुन्हा सुरू होत होतं. दर वेळी वाटे, आता नाही सुरू होणार.

मग पोर बायकोकडे देऊन दोघांनाही शेजाऱ्यांच्या स्वच्छ ओसरीवर पाठवलं आणि हाताने, सुपाने, धोतराच्या ओच्याने कापूस बाहेर फेकू लागलो. आतोबांनी मुसळ घेऊन खिडकी फोडली. वाऱ्याने आमचा कापूस बाभळींवर नेला, म्हशींच्या शिंगांवर नेला, मारुतीच्या कळसावर नेला. गाव पोट धरून हसलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीने दूध ओढलं आणि असं भोकांड पसरलं, की हसणाऱ्या बायका दारात गोळा झाल्या. तिचे ओठ गुलाबी झालेले पाहिले आणि तडक आपापल्या घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक माजघरातला कापूस अंगणात आला. नवरे ओरडत होते, ऐकतो कोण! आतोबा मिशांत कापूस अडकलेला घेऊन गावातून फिरले, आणि एखाद्या सरदाराची काय मिरवणूक निघेल अशी त्यांची निघाली. पुढे अकोटापर्यंत त्यांचा शब्द चालला, ‘बाळंतिणीच्या खोलीत कापूस नाही.’

लढाई संपली, भाव कोसळला, जरीचे फेटे पेटीत गेले. पुढे वर्षांमागून वर्षं गेली, आतोबाही थकले, आणि एका सकाळी बसल्या जागी गेले. माझी तीच लेक सासरहून आली. आतोबांच्या उंबऱ्यातच तिने असा हंबरडा फोडला, की नदीच्या पल्याड माणसं थांबली. कुणीतरी म्हातारं मला म्हणालं, “समजाव गा तिले. बाईच्या जातीनं इतकं मोठ्यानं रडू नये.”

मी म्हटलं, “रडू द्या. छातीत असंन तितकं रडू द्या तिले.”