पांढऱ्या भिंतीपुढचा फोटो

बहिणीनं एकच अट घातली होती. "बायोडाटाला फोटो लाव, पण माझे डाग आहेत तसेच राहू देत. मागच्या वेळी मुलाकडचे डाग नसलेला फोटो बघून आले आणि मला बघितल्यावर चहा न पिता उठले. नकार द्यायचा तर आपापल्या घरी बसून देऊ देत ना." तिच्या मानेवर, जबड्याखाली आणि डाव्या कानावर कोड आहे. मी हो म्हणालो. पण आईनं मला गॅलरीत गाठलं. "आधी बघूक तरी येवंदेत रे. फोटोतली मागची भिंत काढतंस, तसा ता कोड पण जरा काढ."

मी चारकोपच्या एका गाळ्यात खोट्या दागिन्यांच्या फोटोंचं काम करतो. मागचं पांढरं कापड उडवायचं, म्हणजे गिऱ्हाईकाला हवा तो रंग मागे टाकता येतो. बांगडीच्या आतलं पांढरंही जायला हवं, म्हणून माझ्या लॅपटॉपवर कायमची सेटिंग आहे: एका जागी क्लिक केलं की फोटोत जिथे जिथे तसलं पांढरं असेल ते सगळं उडतं. हात इतका बसलाय की विचार करावा लागत नाही. तिथेच सगळी बोंब झाली.

फोटो घरच्या पांढऱ्या भिंतीपुढे काढलेला. जेवणाच्या सुट्टीआधी मी भिंतीवर क्लिक केलं आणि बहिणीला कोऱ्या पानावर ठेवून बघितलं. झकास दिसत होती, डागांसकट. तेवढ्यात आईचा फोन: पांढरं सुतकी दिसतं, कुंकवाचा रंग घाल. घातला, आणि घाईत आम्हा तिघांच्या ग्रुपवर टाकला.

डबा उघडून फोटो फोनवर बघितला. जबड्याखाली लालभडक, कान अर्धा गायब. भिंतीबरोबर तिचे डागही उडाले होते. मघाशी पांढरं दिसलं ते भोकांतून दिसणारं मागचं कोरं पान होतं.

डिलीट करावा, तर डिलीट केल्याची ओळ राहणार आणि ती म्हणणार, ह्यानं नक्की काहीतरी केलंय. ठेवावा, तर ती स्वतःला अशी भोकं पडलेली बघणार. मेसेजखालच्या दोन टिका अजून राखाडी होत्या, म्हणजे कोणी बघितला नव्हता. मी डिलीट केला. मग, लिहायलाही लाज वाटते, भोकांखाली गव्हाळ रंग भरला. दोन मिनिटांचं काम. समोर बहीण होती, शाळेत होती तशी. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचीच भीती वाटायला लागली. फोटो बंद केला.

संध्याकाळी मी दारात चपला काढतोय तोच तिनं विचारलं, "काय डिलीट केलंस? डाग भरलेस ना?"

"आईशप्पथ, पाठवला नाही गं."

"म्हणजे भरलेस."

मी लॅपटॉप उघडून तिला सगळं दाखवलं, भोकंही आणि गव्हाळ रंगही. तिनं जबड्याखालचं भोक मोठं करून बघितलं. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही.

"वाट लावलीस यार," ती म्हणाली. "मूळ फोटो आहे ना? परत आण सगळे."

मूळ फोटोतून एकेक डाग ब्रशनं परत आणत गेलो. मानेवरचे सोपे होते, भोवती कातडीचा रंग होता. कानाशी अडलो. कान पांढरा, मागची भिंत पांढरी, एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते फोटोत कळेना. मी अंदाजानं गोल कड काढली.

"असा नाहीये माझा कान."

"मग कसा आहे?" मी विचारलं आणि जीभ चावली. डाग उमटून आठ वर्षं झाली. तिला वाईट वाटू नये म्हणून मी तिच्याशी बोलताना टीव्हीकडे नाहीतर भिंतीकडे बघत आलो होतो.

"माहितीये मला तू बघत नाहीस ते," ती म्हणाली. "आता बघ."

तिनं केस मागे घेतले आणि कान माझ्याकडे केला. पाळीला खाली बारीक खाच होती. लहानपणी भांडताना मी तिचं कानातलं ओढलं होतं, तेव्हाची. मी ती साफ विसरलो होतो. ब्रश लहान केला आणि आधी ती खाच काढली.