दौलूच्या दारातला फौजदार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढंही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही दौलूला ओळखत नाही, म्हणून असेल.

दौलू माझा जोडीदार. आमचं गाव कडेगावच्या अंगाला. जत्रेत आम्ही गावातले गडी मिळून वग करायचो — तो ढोलकीला, मी फौजदार. काय हात होता त्याचा! पेंगलेली माणसं पहिल्या थापेला सावरून बसायची. माझा फौजदार मात्र… खरं सांगू? लोक हसायचे. भ्यायच्या जागीही हसायचे. एकदा तालमीत सगळ्यांदेखत दौलू म्हणाला, "गड्या, तुझ्या फौजदाराला कोंबडीबी भ्यायची न्हाई."

चेष्टाच होती. आमचं सगळं चेष्टेवरच तर चालायचं — मग ही एवढी का लागली?

ते बेचाळीस साल. चळवळीतली माणसं रानात लपलेली, पोलीस गावोगाव हिंडत होते. दौलूच्या घरनं त्या माणसांना भाकरी जायची. हे मला ठाऊक होतं — आधीच सांगून ठेवतो, ठाऊक होतं.

एका दुपारी मी चुलत्याचा पलटणीतला खाकी कोट चढवला, नाल मारलेले बूट घातले, आणि त्याच्या दारात उभा राहिलो. आत ढोलकी वाजत होती. वगात मी दारावर थाप मारून ओरडायचो, की तो ढोलकीवर थाप देऊन जबाब द्यायचा — हा आमचा ठरलेला खेळ. त्या दिवशी मी ओरडलोच नाही. खऱ्या फौजदाराला एकदा चावडीवर ऐकलं होतं. तो हळू बोलायचा, दमात. तसंच बोललो. "दार उघड. घराला वेढा आहे."

ढोलकी थांबली. मग मागच्या भिंतीवरनं कुणी उडी टाकल्याचा आवाज आला, आणि भिंतीपलीकडनं दौलू कळवळून ओरडला.

मी घाबरलो, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण मनात पहिलं आलं ते — जमलं! आज जमलं. भीती नंतर आली. मी पळालो, कोट पेटीत कोंबला, आणि कुणाकडनं तरी कळल्यासारखा धावत त्याच्याकडं गेलो. त्याला उचलून गाडीत घातला तोही मीच.

उजवा हात मनगटात मोडला होता. हाड बसलं, पण बोटं पुन्हा वळली नाहीत. ढोलकी खुंटीला लागली ती लागलीच.

पोलिसांपायी हात गेला म्हणून गावानं त्याला मान दिला. मग मी मनाची समजूत घातली — खरं सांगून त्याचा मान कशाला घालवायचा? किती सोयीचं! भ्यालो होतो, दुसरं काही नाही. चाळीस वर्षं त्याच्या शेजारी बसून भ्यालो.

म्हातारपणी एकदा पारावर तो तीच हकिकत सांगत होता. त्या माणसाचा आवाज कसा हळू होता, अंगावर कसा काटा आला, ते सगळं. मग माझ्याकडं बघून हसला. "तुझ्या फौजदाराला तसला आवाज कवाच लागला न्हाई रं."

तो मीच होतो, हे अगदी ओठांवर आलं. पश्चात्तापानं नव्हे — दाद हवी होती मला.

ते गिळलं, आणि त्याची विडी पेटवून दिली. एका हातानं काडी ओढायला त्याला जमायचं नाही.