थाळीवर गाणारे वडील

काल जुन्या कॅसेटचा डबा उघडला आणि त्या वासासरशी कॉलेजातली एक दुपार आठवली. सुरगाण्याहून वडील मला भेटायला नाशिकला आले होते. मी बी.ए. व्हावं म्हणून धडपडणाऱ्या आमच्या इंग्रजीच्या सरांनी त्यांना आग्रहाने वर्गात बसवलं. धडा एका खाणकामगार इंग्रज लोककवीचा होता. गावात कुणी वारलं की तो त्याच्यावर गाणं रचायचा. सरांनी ते वडिलांना मराठीत सांगितलं आणि कॅसेटवर त्याचं गाणं लावलं.

वडील डोळे मिटून ऐकत होते. तेही मयताच्या कार्यात थाळीत मेणाने काडी उभी करायचे आणि तिच्यावरून बोटं ओढून थाळी घुमवत कथा गायचे. मेलेल्याला त्यातून पुढची वाट सापडते, असं आमच्याकडे मानतात.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "सर, हा सगळ्यांसाठी गायला. हा मेला तवा कोण गायलं?"

"बाबा, ते पुस्तकात नाही."

"मग बिचारा अजून वाटंवरच असंल."

वर्ग हसला. मीही हसलो. ते स्वतःबद्दल विचारत होते, हे आज कळतं.

गेल्या वर्षी वडील गेले. थाळीवर गाणारा आम्ही पार पेठ तालुक्यापर्यंत शोधला, मिळाला नाही. कार्याच्या दिवशी त्यांची थाळी घासून मधोमध ठेवली आणि सगळे तिच्याभोवती गप्प बसून राहिलो.