आज कोणावर चिडलीस?

कुमुद गेल्याची बातमी आणि तिच्या पासवर्डची मागणी, दोन्ही मला एकाच फोनमध्ये मिळाल्या. दुपार कलली होती, मी चहाचं आधण ठेवलं होतं. फोन गंगेपलीकडच्या रामनगरहून होता, तिथल्या एका निराधार बायकांच्या आश्रमातून. संस्थेचे चिटणीस बोलत होते; त्यांना तिकडे सगळे मंत्रीजी म्हणतात. "दीदी, बहुत दुखद समाचार है. कुमुदजी नहीं रहीं." आश्रमाच्या कचेरीत बसल्या बसल्या तिच्या छातीत कळ आली, हॉस्पिटलच्या दारापर्यंतही ती पोचली नाही... मी ओट्याला टेकून ऐकत होते. मंत्रीजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "वैसे दीदी, वेबसाइट का पासवर्ड तो आपके पास होगा? वार्षिकोत्सव सिर पर है." पासवर्ड मला माहीत होता. अगदी तोंडपाठ होता. मी "नाही" म्हणाले आणि फोन ठेवला. खोटं बोलल्याचं त्या दिवशी वाईट वाटलं नाही, आणि आज इतके आठवडे उलटल्यावरही वाटत नाही.

संस्थेचं नाव मी इथं लिहीत नाही. कुमुदला ते आवडलं नसतं. मला फार आवडलं असतं, पण हा लेख तिच्यावर आहे.

मंगला गौरीच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. तिच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे शिंका यायच्या. आमच्यासारख्या काशीच्या मराठी घरांत मराठी उंबऱ्याच्या आत बोलायची आणि बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, असा रिवाज. कुमुदनं दोन्हींची सरळ खिचडी केली होती आणि ती ताठ मानेनं वाढायची. ती रेल्वेच्या कचेरीत लागली, मी शाळेत गणित शिकवायला लागले. कचेरीत संगणक आले तेव्हा तिच्या खात्यातले पुरुष त्या डब्याकडे लांबून बघत उभे होते. ही जाऊन समोर बसली, "बिघडला तर बिघडला, माझ्या काकांचा थोडाच आहे" म्हणाली आणि शिकली. निवृत्तीनंतर त्याच विद्येवर तिनं ब्लॉग सुरू केला, 'अलीकडचा काठ' नावाचा. गल्लीतली माणसं, घाटावरची भांडणं, इथल्या मराठी घरांमधली हळदीकुंकवं, सगळं तिच्या खिचडी भाषेत. पुण्याची, इंदूरची माणसं वाचायची आणि कळवायची. तिला वाटे, लिहिणं आता साधलं आपल्याला.

तसं काही नव्हतं. कुमुदचं लिहिणं अडायचं, आणि एकदा अडलं की आठवडेच्या आठवडे अडायचं. लोक सल्ले देत. पहाटे उठून लिहा, ध्यान करा, घाटावर जाऊन बसा. घाटावर बसून सुचत असतं तर आमच्या गावात सगळे लेखकच झाले असते! कुमुदनं हे सगळं करून पाहिलं आणि शेवटी स्वतःचा उपाय काढला. तो उपाय म्हणजे मी. माझा राग शाळेत प्रसिद्ध होता. मुलंच काय, शिपाईसुद्धा माझी चाहूल लागली की फळा पुसायचे. रोज चहाच्या वेळेला फोन वाजायचा आणि पलीकडून हॅलो वगैरे काही नाही, एकदम, "उषे, आज कोणावर चिडलीस? झटपट सांग, माझं बिलकुल अटकलंय." मग मी सांगायचे. कोणावर तरी चिडलेली असायचेच. ती माझं एखादं वाक्य उचलायची, तेच पहिलं वाक्य म्हणून लिहायची, पुढचा मजकूर वाहू लागला की ते वाक्य खोडून टाकायची. मी कुरकुरले तर म्हणायची, "अगं, पहिलं धिरडं तव्याला चिकटतंच. ते पाहुण्यांना वाढतात का?"

एकदा मी संकठा घाटावरून तणतणत आले होते. एक गाइड प्रवाशांना सांगत होता की इथले मराठी लोक म्हणजे फौजेतून पळून आलेले शिपाई, नाव बुडाली म्हणून इथंच राहिले. मी कुमुदला म्हटलं, "असल्या गाढवांना घाटावर बंदी घातली पाहिजे." तिनं ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी घाटावर गेली, त्या गाइडला शोधून काढला, चहा पाजला आणि शांतपणे विचारलं की बाबा रे, ही गोष्ट तुला सांगितली कोणी? संध्याकाळी फोन. हसू आवरत नव्हतं तिला. "उषे, तो तुझाच विद्यार्थी निघाला की गं! म्हणतो, शाळेत गणिताच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं." वर्गात मी कधीतरी नाव, शिपाई आणि प्रवाहाचा वेग असलं उदाहरण घातलं असणार, त्याचा पोरानं इतिहास केला. त्यावरचा तिचा लेख लोकांना खूप आवडला. माझं गाढवांचं वाक्य त्यात नव्हतं. राग माझा आणि चौकशी तिची, अशी आमची भागीदारी होती.

अडलेल्या दिवसांत ती आणखी एक करायची. स्वतःचं सुचेना की दुसऱ्यांचं लिहायला घ्यायची. बहिऱ्या मुलांची एक शाळा, विणकर बायकांची एक समिती आणि रामनगरचा हा आश्रम, यांच्या वेबसाइट तिनं एकटीनं उभ्या केल्या. फोटो काढायचे, मजकूर लिहायचा, तो चढवायचा, बिघडलं की दुरुस्त करायचं, सगळं विनामूल्य. मी म्हणायचे, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस." ती म्हणायची, "भाजू दे गं. आपलं लिहिताना हात आखडतो, दुसऱ्याचं लिहिताना मोकळा होतो. फायदा तर माझाच आहे." फायदा! या संस्थावाल्यांच्या तोंडी तर एकच पालुपद होतं, "दीदी, बस पाँच मिनट का काम है." त्या पाच मिनिटांत तिचा रविवार जायचा. आश्रमाच्या उत्सवात पंखे देणाऱ्या व्यापाऱ्याला शाल मिळाली, हिला मागच्या रांगेतली खुर्ची, तीसुद्धा रिकामीच राहिली, कारण फोटो काढायला हीच पुढे उभी होती. म्हणून संस्थेच्या एकाही फोटोत कुमुद नाही. हे त्यांच्या ध्यानात कधी आलं? शोकसभेत हार घालायला फोटो हवा झाला तेव्हा. तोही त्यांनी माझ्याकडेच मागितला.

आश्रमाच्या वेबसाइटवरून तिचा आणि मंत्रीजींचा जुना झगडा होता. त्यांना रडते चेहरे हवे होते. "रोनेवाला फोटो लगाइए, दीदी, तभी दान आता है." कुमुद ऐकेना. कारण तिनं शब्द दिला होता, फूलमतीला. फूलमती चंदौलीकडची, दीर-जावांनी घराबाहेर काढलेली, सत्तरी ओलांडलेली बाई. तिनं पहिल्याच दिवशी कुमुदचा हात धरून सांगितलं होतं, "रोवत क फोटो मत लगइहा, बिटिया. नइहर में केहू देखी त का कही?" नइहर म्हणजे माहेर; तिथं तिनं कळवलं होतं की मी काशीवास करतेय, मजेत आहे. कुमुदनं नियमच केला. प्रत्येक बाईचं एक पान, त्यावर तिच्या पसंतीचा फोटो, आणि मजकूर तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा. तिनं हो म्हटलं तरच लावायचा.

फूलमतीचं पान मात्र काही केल्या लिहून होईना. काही विचारलं की ती दुःखच सांगायची, आणि दुःख तर लिहायचं नव्हतं. असे कितीतरी दिवस गेले. एका दुपारी फोन आला, "आज कोणावर चिडलीस?" मी चिडले होते भाजीवाल्यावर; त्यानं कवळा म्हणून दिलेला दुधी आतून नुसता बियांचा निघाला होता. कुमुद दुसऱ्या दिवशी आश्रमात गेली आणि फूलमतीला म्हणाली, चाची, माझी मैत्रीण दुधीत फसली, कवळा दुधी ओळखायचा कसा? बस्स. बाई बोलत सुटली. आश्रमाच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर तिनं स्वतःच दुधीचा वेल चढवला होता. ती शेजाऱ्यांना दुधी वाटायची, मंत्रीजींना मात्र द्यायची नाही, कारण त्यांनी एकदा न विचारता तोडून नेला होता. फोटोत फूलमती मांडीवर लेकराएवढा दुधी घेऊन बसली आहे आणि तोंडभर हसते आहे. ते पान वाचून दाखवलं तेव्हा म्हणे तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "एक बेर अउर पढ़ा." आणखी एकदा वाच.

शोकसभा आश्रमाच्या अंगणात झाली. खुर्चीवर कुमुदचा फोटो, त्याला झेंडूचा हार. मंत्रीजी 'अपूरणीय क्षति' वगैरे बोलले. बायका एकेक करून येऊन फुलं वाहत होत्या. फूलमती आली ती खुर्चीपाशी बसूनच राहिली आणि रडली. आवाज न करता, तोंड उघडं टाकून, म्हातारी माणसं रडतात तशी... मला बघवेना, मी मान फिरवली. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं. असल्या प्रसंगी काढतातच, म्हणून मी काही बोलले नाही.

मग एक दिवस पुण्याहून भाचीनं एक लिंक पाठवली. "मावशी, ही तुमच्या कुमुदमावशीनं वेबसाइटवर लावलेली दुधीवाली फूलमती ना?" जुन्या वेबसाइटचा पासवर्ड मिळेना म्हणून संस्थेनं नवीच वेबसाइट काढली होती. उघडली तर सगळा पडदा व्यापून फूलमतीचं रडणं. खुर्ची कापून टाकलेली, खुर्चीवरची कुमुदही कापून टाकलेली, कोपऱ्यात फक्त झेंडूच्या हाराचं टोक राहिलेलं. खाली ठळक अक्षरांत, 'इन बेसहारा माताओं के आँसू पोंछिए', आणि त्याखाली लाल बटण, 'दान करें'.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुमुदनं जे कधी होऊ दिलं नाही ते यांनी तिच्याच मरणाचा वापर करून केलं. गरज सरो वैद्य मरो हे ऐकलं होतं; पण वैद्य मेल्यावर त्याच्यासाठी रडणाऱ्यांचेही पैसे करावेत, याला काय म्हणायचं? तडक ऑटो केली, पूल ओलांडला, कचेरीत गेले. मंत्रीजी अदबीनं उठून उभे राहिले. मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दीदी, फोटो तो असली है. आँसू किसके लिए हैं, यह दान देनेवाला थोड़े ही पूछता है." आणि मग जरा खालच्या आवाजात, "दाल-चावल इसी से आता है. कुमुदजी के हँसनेवाले फोटो से छत नहीं बनी." खरंच असेल ते. छताला ओल होती, मला दिसत होती. कुमुद असती तर तिनं बसून विचारलं असतं, छताचं काय झालं, किती गळतं, आणि त्या छतावर एक लेख लिहून मोकळी झाली असती. मला ते येत नाही. मला नुसतं चिडता येतं, आणि माझ्या चिडण्याचं काहीतरी करणारी बाई आता नव्हती.

बाहेर अंगणात फूलमती ओट्यावर बसली होती. फोटोचं तिला कळलं होतं. "हटी कि नाहीं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही, पण जुनी वेबसाइट माझ्या हातात आहे. तुमचं हसरं पान तिथं अजून आहे, त्याखाली काही लिहू का? आणि काय लिहू? हा प्रश्न मी आयुष्यात कोणाला विचारला नव्हता. मी नेहमी सांगत आले. फूलमतीनं वेलाकडे बघितलं. मग म्हणाली, "लिख दा, ऊ हम बिटिया बदे रोवत रहली." लिही, ते मी माझ्या लेकीसाठी रडत होते.

घरी येऊन मी भाच्याचा जुना लॅपटॉप उघडला. पासवर्ड घातला. तो माझ्याकडे होता याचं कारण एवढंच, की कुमुद स्वतः तो विसरायची आणि म्हणायची, "तुझ्याकडे राहू दे, तू गणितवाली." कुठं काय दाबायचं हे तिनं फोनवर शंभरदा शिकवलं होतं, तेव्हा मी निम्मं ऐकलं होतं. चुकतमाकत पान उघडलं. मी पहिलं वाक्य लिहिलं, त्यात मंत्रीजींचं नाव होतं आणि एका प्राण्याचंही. ते खोडलं. दुसरं लिहिलं, त्यात उपदेश होता. तेही खोडलं. शेवटी दुधी घेऊन हसणाऱ्या त्या बाईखाली तिचंच वाक्य जसंच्या तसं ठेवलं, त्याखाली कुमुदचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी रामनगरला जाऊन फूलमतीला वाचून दाखवलं. ती "हाँ" म्हणाली.

नव्या वेबसाइटवरचा फोटो हे लिहीपर्यंत तसाच आहे. ज्यांना लाल बटण दाबायचं असेल त्यांनी खुशाल दाबावं, छत खरंच गळतं आहे. फक्त कोपऱ्यातला झेंडू तेवढा बघून घ्यावा.

नवी वेबसाइट झाली तरी जुनीच्या पासवर्डसाठी अजून फोन येतात, आणि नेमके चहाच्या वेळेला. कायद्यानं ती वेबसाइट त्यांची आहे, मला कळतं. कुमुदनं तर पहिल्याच दिवशी देऊन टाकला असता. मीही देईन. ज्या दिवशी पासवर्डच्या आधी कोणी फूलमतीबद्दल विचारेल त्या दिवशी, लगेच. अजून कोणी विचारलेलं नाही. रोज फोन वाजतो, आणि हात पुसत धावताना क्षणभर मला वाटतं, तीच आहे... मग "दीदी, वह पासवर्ड" असं ऐकू येतं, मी फोन ठेवते आणि तिथंच बसून राहते. चहा निवतो. चिडलेली तर मी आजही आहे. कोणावर, ते विचारायला कुमुद नाही.